कळ उठते कुठून?

(सदलगा येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

१९०२ च्या जून महिन्यात लंडन नटून बसले होते. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला होता. देशोदेशीचे राजेरजवाडे येऊन उतरले होते आणि त्या उन्हाळ्यात कोल्हापूरचे शाहू छत्रपतीही विलायतेत होते. ऐन तोंडावर राजाचे पोट दुखू लागले. ताप चढला, पोटाच्या उजव्या बाजूला गोळा हाताला लागू लागला. राजा ऐकेना, समारंभ झालाच पाहिजे म्हणून हटून बसला. शेवटी २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी आंत्रपुच्छाभोवती, म्हणजे अपेंडिक्सभोवती, साचलेला पू काढला, तेव्हा कुठे राजा वाचला. राज्याभिषेक ९ ऑगस्टवर गेला. मधल्या काळात, २६ जुलैला, करवीर दरबाराचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. राजाच्या पोटदुखीपायी लंडनचा समारंभ सहा आठवडे अडला, कोल्हापूरचा हुकूम अडला नाही.

राजाला झालेला आजार तेव्हा वैद्यकालाही तसा नवाच होता. बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये पहिल्यांदा नीट मांडून दाखवले की, उजव्या कुशीतल्या या जीवघेण्या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा आंत्रपुच्छात असते. त्याआधी अशी माणसे पोटशूळाने गेली, एवढेच म्हटले जायचे. खेड्यापाड्यांत तर त्यानंतरही कितीतरी वर्षे हेच म्हटले गेले. आज अपेंडिक्सचे ऑपरेशन तालुक्याच्या गावी होते, सोनोग्राफीची पाटी प्रत्येक चौकात दिसते. तरीही पोटात कळ कशाने आली याचे निम्मेअधिक उत्तर रोग्याला काय विचारले आणि त्याने काय सांगितले, यातच असते. त्यातही एक प्रश्न सर्रास राहून जातो: तुम्ही काम काय करता? कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्यासारख्या गावात हा प्रश्न वगळला तर अर्धी पोटदुखी कळतच नाही.

आधी पोटाच्या आतला कारभार पाहू. आतड्याला चिमटा काढला किंवा कापले तरी फारसे दुखत नाही. ते ताणले, फुगले किंवा आवळले गेले की मात्र माणूस कळवळतो. आतडे, पित्तनलिका, मूत्रनलिका, गर्भाशय हे सगळे स्नायूंच्या भिंतींचे पोकळ अवयव. वाटेत अडथळा आला, आतला पडदा सुजला, की भिंती जोर लावून ढकलू लागतात. जोर लागला की कळ येते, जोर सरला की उतरते. म्हणून मुरड्याची कळ लाटेसारखी येते-जाते. दुसरी गंमत अशी की, या अवयवांच्या नसा मेंदूला नेमका पत्ता कळवत नाहीत. अपेंडिक्सचे दुखणे सुरुवातीला बेंबीभोवती जाणवते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते, त्या अस्तराच्या नसा जागा बरोबर सांगतात आणि दुखणे उजव्या कुशीत उतरते. त्यामुळे ‘आता कुठे दुखते’ एवढे विचारून भागत नाही, ‘पहिल्यांदा कुठे दुखले’ हेही विचारावे लागते.

झॅकरी कोप या इंग्रज शल्यविशारदाने १९२१ मध्ये तीव्र पोटदुखीच्या निदानावर एक लहानसे पुस्तक लिहिले. शंभर वर्षे उलटली तरी ते नव्या आवृत्त्यांमधून वाचले जाते. त्यात एक ठोकताळा आहे: चांगल्या धडधाकट माणसाचे पोट जोरात दुखू लागले आणि सहा तासांनंतरही थांबले नाही, तर बहुधा ते सर्जनच्या हातचे काम असते. रोगी पडलाय कसा, हेही पाहण्यासारखे असते. मुतखडा खाली सरकत असलेला माणूस एका जागी थांबत नाही. उठतो, बसतो, भिंतीला कंबर टेकतो, पुन्हा लोळतो. कळ बरगडीखालून निघून जांघेत उतरलेली असते. आतडे फुटून पोटभर विष पसरलेला माणूस याच्या नेमका उलट. तो हलत नाही. पाय पोटाशी घेऊन पडून राहतो, जीपने खड्डा घेतला की ओरडतो, आणि हात लावायला गेले तर पोट फळीसारखे कडक लागते. पहिल्याचा आरडाओरडा जास्त, पण घाई दुसऱ्याची असते. घरची माणसे बहुतेक वेळा उलटे समजतात.

आता सदलगा. काळम्मावाडीच्या धरणातून निघून आलेली दूधगंगा गावाजवळून पुढे जाते आणि कृष्णेला मिळते. काळी कसदार जमीन, एका अंगाला निपाणीचा तंबाखूचा पट्टा, दुसऱ्या अंगाला साखर कारखाने. गेल्या काही दशकांत उसाने तंबाखूची बरीच जमीन घेतली, तरी तंबाखू गेलेला नाही. १९८१ च्या आंदोलनात निपाणीचा रस्ता शेतकऱ्यांनी अडवला, गोळीबार झाला, माणसे मेली. तो लढा दराचा होता आणि रास्तच होता. पानातल्या निकोटिनाचा हिशेब त्याहून वेगळा.

दवाने भिजलेल्या तंबाखूत सकाळी शिरणाऱ्या मजुराचे हातपाय, मांड्या, कधी कधी पाठसुद्धा ओली होते. पानावरचे निकोटिन पाण्यात विरघळते आणि कातडीतून सरळ रक्तात जाते. दुपारपर्यंत गरगरू लागते, मळमळते, उलट्या होतात, पोटात पीळ पडल्यासारख्या कळा येतात. नवख्याला आणि पोरासोरांना त्रास जास्त. तोंडात कायम तंबाखूची चिमूट असणाऱ्या जुन्या गड्याला कमी, कारण त्याचे अंग त्या विषाला सरावलेले. अमेरिकेत फ्लोरिडाच्या डॉक्टरांनी १९७० मध्ये या आजाराचे वर्णन छापले. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने आपल्याकडच्या तंबाखू मजुरांतही तो असल्याचे दाखवले. एक-दोन दिवसांत तो आपोआप उतरतो, म्हणून ‘ऊन लागले’ किंवा ‘पित्त झाले’ म्हणून विसरला जातो. दव वाळल्यावर फडात जाणे, ओले कपडे लगेच बदलणे, साबणाने हातपाय धुणे एवढ्याने तो बराचसा टळतो. पगार न कापता उशिरा कामाला कोण लावणार, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर दवाखान्यात मिळत नाही.

फवारणीचे विष याहून वाईट. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके शरीरातले एक विकर अडवतात. नसांनी स्नायूंना आणि ग्रंथींना दिलेला हुकूम मग थांबतच नाही: लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आतडी सारखी आवळत राहतात, जुलाब होतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. सीमाभागात ऊस, भाजीपाला, तंबाखू या सगळ्यांवरच पंप चालतो. फवारून आलेल्या माणसाचे पोट दुखू लागले आणि बाहुल्या बारीक दिसल्या, तर लिंबूसरबत करत बसू नये. औषधाचा डबा पिशवीत घालून दवाखाना गाठावा. डब्यावरचे नाव वाचून डॉक्टर ठरवतो, ॲट्रोपिन द्यायचे की आणखी काही.

पाण्याची गोष्ट मोठी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत दूधगंगा-वेदगंगा-कृष्णा या नद्यांनी हा सगळा पट्टा वेढला. मलिकवाड-दत्तवाडसारखे बंधारे तर बहुतेक पावसाळ्यांत पाण्याखाली असतात. पूर ओसरला की गाळ राहतो, आणि विहिरी, गटारे, जलवाहिन्या यांतले अंतर मिटते. मग आव पडते, मुरडा येतो, टायफॉइड, कावीळ, गॅस्ट्रो सुरू होतो. इथून जवळच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात पूर नसतानाही दूषित पाण्यामुळे हेपॅटायटिस ई जातीच्या काविळीची मोठी साथ आली आणि बळी गेले.

सदलग्यात जैन वस्ती मोठी. आचार्य विद्यासागर यांचा १९४६ चा जन्म याच गावचा. पाणी गाळून आणि उकळून घेण्याचा दंडक इथल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यामागे अहिंसेचा विचार आहे, आरोग्याचा नाही. पण परिणाम आरोग्यावरही होतो. अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुन्या सुती साडीच्या घड्या घालून त्यातून पाणी गाळायला लावले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत कॉलरा ४८ टक्क्यांनी घटलेला दिसला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात, आणि ते प्राणी कापडात अडकतात. नव्या साडीपेक्षा जुनी बरी, कारण धुवून धुवून तिचे धागे फुलतात आणि छिद्रे लहान होतात. नारूचेही तसेच. त्याच्या अळ्या पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांच्या पोटात असत, गाळले की त्या निघून जात. २००० साली भारत नारूमुक्त ठरला त्यात या फडक्याचा वाटा होता. मात्र काविळीचा विषाणू किंवा आवेच्या अमिबाची पुटी कापडातून आरामात निसटते. तिथे फडके कामाचे नाही, उकळी फुटलीच पाहिजे. दंडकाचा अर्धाच भाग पाळून, म्हणजे नळाला फडके बांधून, निर्धास्त राहणारी घरे आता वाढली आहेत.

दुधाचा विषय निघाला की या भागात माणूस जरा दुखावतो. कोल्हापूरच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणे हा पुरुषार्थ समजला जातो. पण मोठ्या वयात दुधातली साखर पचवणारे विकर पुष्कळांत कमी होते. न पचलेली साखर आतड्यात आंबते, वायू होतो, कळ येते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिल्लीत सुमारे २७ टक्के, तर हैदराबाद-पुद्दुचेरीकडे सुमारे ६७ टक्के धडधाकट माणसांत हे विकर कमी आढळले. अशांना दही-ताक चालते. दूध सोसत नाही म्हणून कुणी कमी पैलवान ठरत नाही.

आणि आता ऊस. दिवाळी सरली की बीड-धाराशिवकडून टोळ्या येतात. गावाबाहेर कोपी पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाने दिलेली उचल हंगामभर फेडायची, आणि एका दिवसाचा खाडा पडला तर दंड. पहाटे उठून भाकरी, मग फड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रॉलीत चढायचे. रात्री गाडी आली तर रात्री. संडास नाही, आडोसा नाही, पाण्याची घागर दूर. बाई दिवसभर पाणी कमी पिते, कारण पाणी प्यायले की आडोसा शोधावा लागतो. लघवीची जळजळ, ओटीपोटात कळ, अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त, सगळे एकावर एक येते. पाळीचे कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला ऊन नाही. कंबर मोडलेली. ओटीपोटातल्या या दुखण्याची कारणे दहा असू शकतात: मूत्रमार्गाचा संसर्ग, गर्भाशय-नळ्यांचा संसर्ग, गाठी, एंडोमेट्रिऑसिस, क्षयरोग, मणक्याचे दुखणे, आतड्याचा आजार. तपासण्या म्हणजे खाडे. बाईला शेवटी एकच ऐकवले जाते: पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका.

आणि पिशव्या निघाल्या. २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी हा विषय लावून धरल्यावर विधान परिषदेत सांगण्यात आले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढले गेले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे शंभरात सुमारे सतरा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांतल्या बायकांची वये तंतोतंत सारखी नाहीत, हे धरूनसुद्धा ही दरी डोळ्यांत भरते. बीडमधल्या पुष्कळ जणींनी चाळिशीही गाठली नव्हती. कर्नाटकालाही यातून अंग काढता येणार नाही. कलबुर्गी जिल्ह्यात लमाणी आणि दलित बायकांच्या अशाच शस्त्रक्रियांवरून चौकश्या झाल्या, मोर्चे निघाले.

डॉक्टरांवर सगळे ढकलणे सोपे आहे, आणि काही डॉक्टरांनी या बायकांच्या भीतीवर पैसा केला हेही खरे. पण पिशवी काढून आलेल्या कित्येक बायकांचे म्हणणे ऐकले की चित्र बदलते. पाळी गेली म्हणजे चार दिवसांचे हाल गेले, खाडा टळला, उचल फिटली. म्हणजे दुखण्याचे कारण फडात होते आणि शस्त्रक्रिया पोटावर झाली. अंडाशयही काढले गेले असतील, तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम भोगावे लागतात: हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. आणि मूळ दुखणे मूत्रमार्गाचे किंवा कमरेचे असेल, तर ते जागच्या जागी असते. बीडमध्ये पुढे खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी सरकारी डॉक्टरची परवानगी सक्तीची झाली. फडावर मात्र पाण्याची टाकी आणि फिरता संडास आला का, हे पाहायला कारखान्याच्या गेटवर नव्हे, कोपीवर जावे लागते.

साध्या पाळीच्या कळेलाही एक कारण आहे. गर्भाशयाचे अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांनी स्नायू आवळतात. मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या ती द्रव्येच कमी करतात, म्हणून त्या लागू पडतात. पोरीने मुकाट सोसावे अशी ही गोष्ट नाही. पण पाळी चुकलेली, एका बाजूला ओटीपोटात कळ आणि घेरी आली, तर गर्भ नळीत राहून नळी फुटल्याची शक्यता धरावी लागते. तिथे तासांचा हिशेब असतो. सासूसमोर पाळी चुकल्याचे सांगायला लाजणारी सून डॉक्टरसमोर एकटी बसली पाहिजे, एवढी व्यवस्था घरच्यांनी केली तरी पुष्कळ जीव वाचतील.

पुरुषांचा आवडता शब्द म्हणजे गॅस. पन्नाशीचा, विडी ओढणारा, मधुमेही माणूस रात्री छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखे होते म्हणतो. घाम फुटतो. घरचे सोडा पाजतात, ओव्याचा अर्क देतात. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असाच पोटाचे सोंग घेऊन येतो. ईसीजी पाच मिनिटांत निघतो, त्यासाठी सकाळची वाट पाहू नये. अंगदुखीच्या गोळ्यांनी होणारे दुखणेही असेच गॅसच्या नावावर खपते. ऊस तोडणारा, हमाली करणारा माणूस रोज उपाशीपोटी गोळी टाकतो, जठराला व्रण पडतो आणि एके दिवशी फुटतो. पूर्वी व्रणांचा सगळा दोष तिखटावर आणि काळजीवर जायचा. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच जिवाणूंचे पाणी पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला आणि हेलिकोबॅक्टर पायलोरीकडे बोट दाखवले. २००५ चे नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळाले. कोल्हापुरी तांबड्या रश्शाची त्यातून बरीच सुटका झाली. दारू पिणाऱ्यांनी मात्र फार उड्या मारू नयेत.

मुलांच्या पोटदुखीत जंत असतात, बद्धकोष्ठ असते, आणि शाळेची धास्तीही असते. ब्रिस्टलच्या जॉन ॲप्ली यांनी १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुले पाहून सांगितले की, दर नऊ-दहा मुलांत एकाचे पोट वारंवार दुखते. बेंबीवर बोट ठेवणाऱ्या मुलात बहुधा मोठा आजार नसतो. बोट बेंबीपासून जितके लांब, तितके लक्ष जास्त. तरीही दुखणे खोटे नसते. आपल्याकडे बेंबी सरकली म्हणून पोट चोळतात, एरंडेल पाजतात. मेळघाटात तर तान्ह्या मुलाच्या फुगलेल्या पोटाला तापल्या विळ्याचे चटके देण्याची ‘डंबा’ची रीत अजून पुरती गेलेली नाही. सुजलेल्या अपेंडिक्सवर जुलाबाचे औषध म्हणजे ते फोडायला दिलेला हातभार. दुखणे थांबवणारे औषध दिले तर निदान चुकते, हाही जुना समज आता मागे पडला आहे. दवाखान्यात तपासून दिलेल्या वेदनाशामकाने सर्जनचा हात अडत नाही, हे अभ्यासांनी दाखवले आहे. घरातला जुलाब मात्र टाळावाच.

रात्री अकराला कळ थांबत नाही, पोट कडक झाले, उलटीत हिरवे पडू लागले, वारा सरायचाही बंद झाला, तर न्यायचे कुठे? चिकोडी, निपाणी, कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय, मिरज, बेळगाव अशी नावे घरात भराभर येतात. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय काढले तेव्हा मिरज हे संस्थान होते आणि बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात. रोगी तेव्हाही हद्द ओलांडूनच जात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हद्द बदलली, रोग्यांची वाट तीच राहिली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेण्याचे ठरवले, कर्नाटकाने हरकत घेतली, वाद पेटला. त्या वादात शिरण्याआधी प्रत्येक घराने एवढे करून ठेवावे: कोणत्या योजनेचे कोणते कार्ड कोणत्या रुग्णालयात चालते हे दिवसाउजेडी विचारून घ्यावे, कार्डे एका पिशवीत ठेवावीत, आणि त्याच पिशवीत एका कागदावर रोग्याच्या चालू गोळ्यांची नावे लिहून ठेवावीत. गाडीत बसल्यावर त्याच कागदाच्या मागे लिहावे: दुखणे किती वाजता सुरू झाले, आधी कुठे होते, आणि त्या दिवशी माणूस कोणत्या कामावर होता.